कढीलिंबाचे फुटवे

सावेडीतील आमच्या शेजारीण माई दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आपल्या कन्येकडे कॅलिफोर्नियास गेल्या. वय बाहत्तर, आणि विमानाचा प्रवास आयुष्यातला पहिलाच. महिनाभर आधीपासून बांधाबांध चालली होती. गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, कुळथाचे पीठ; अकोले तालुक्यातील एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून मुद्दाम आणविलेला पाच किलो आंबेमोहोर; आणि या सर्वांहून जिवाभावाची वस्तू म्हणजे अंगणातल्या कढीलिंबाच्या बुडाशी फुटलेली दोन रोपे. ती त्यांनी मुळांसकट अलगद उपटली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि जुन्या नऊवारीच्या तुकड्यात बांधून पेटीच्या मध्यभागी ठेवली. ‘तिकडे कढीलिंब मिळतो, पण त्याला वास नाही,’ असे कन्येने फोनवर म्हटले होते. एवढे शब्द आईला पुरेसे होते.

तिकडच्या विमानतळावर एक ठेंगणे, लांब कानांचे कुत्रे अंगात हिरवे जाकीट घालून फिरत होते. ते माईंच्या पेटीजवळ आले, थांबले आणि शांतपणे खाली बसले. माईंना आधी त्याचे कौतुकच वाटले. मग एका अधिकाऱ्याने पेटी उघडावयास सांगितली. मसाला, मेतकूट व भाजणी त्याने हुंगून परत दिली. तांदळाची पिशवी आणि कढीलिंबाची रोपे मात्र काढून घेतली. ‘आपल्याजवळ काही वनस्पती, बियाणे वा धान्य आहे काय,’ या प्रश्नास माईंनी गोंधळून ‘नाही’ म्हटले होते. त्याबद्दल दंड व्हावयाचा, तो वयाकडे पाहून टळला व समजेवर निभावले.

सहा महिन्यांनी माई परत आल्या, तेव्हा ग्रँड कॅन्यनची व नातवंडांची हकिकत सांगून झाल्यावर त्या मूळ दुःखाकडे वळल्या. “हातातली बांगडी काढून घेतली असती तरी इतके लागले नसते हो. माझ्या कढीलिंबाने त्या लोकांचे काय घोडे मारले होते?”

आम्ही त्या वेळी हसून विषय टाळला. परंतु प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर आम्हांस येत नव्हते, ही गोष्ट मनास टोचत राहिली. ते शोधू लागलो, तेव्हा ते आम्हांस श्रीगोंद्याच्या लिंबांपासून अकोल्याच्या टोमॅटोपर्यंत, आणि शेवटी, सांगावयास संकोच वाटतो, आमच्या स्वतःच्या परसापर्यंत घेऊन आले.

कढीलिंबाच्या नावातला ‘लिंब’ हा कडुलिंबावरून आला असला, तरी वनस्पतिशास्त्राच्या वंशावळीत हे झाड कागदी लिंबू, मोसंबी व संत्रे यांचे भाऊबंद आहे. या सबंध कुळाच्या कोवळ्या पालवीवर ‘सायला’ नावाचा एक किडा पोसतो. आकाराने तिळाएवढा, पानावर बसताना शेपटीकडची बाजू वर उचलून तिरका बसतो, एवढीच त्याची ओळख. रस शोषल्याने होणारी हानी थोडी. परंतु लिंबूवर्गी झाडाला पोखरणारा एक सूक्ष्म जंतू हा किडा एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतो. या रोगाला इंग्रजीत ‘ग्रीनिंग’ म्हणतात. पाने ठिकठिकाणी पिवळी पडतात, फळ लहान, वाकडे व कडवट होते, अकाली गळते, आणि काही वर्षांत झाड वाळते. औषध नाही. कढीलिंबाला स्वतःला हा रोग होत नाही. तो केवळ किड्याला आसरा देतो. माईंच्या रोपांवर कदाचित एकही किडा नसेल. पण कोवळ्या पानाच्या बेचक्यात चिकटलेली त्याची पिवळी अंडी बाहत्तर वर्षांच्या डोळ्यांना काय, आमच्याही डोळ्यांना दिसली नसती.

अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात हा किडा १९९८ साली आढळला व रोग २००५ साली. २००३-०४ च्या हंगामात त्या प्रांतात संत्र्यांच्या सुमारे २४ कोटी पेट्या निघाल्या होत्या. २०२२-२३ मध्ये त्या २ कोटींच्याही खाली आल्या. यात वादळांचा हात होता हे खरे; तथापि बागा आतून पोकळ केल्या त्या या रोगाने. कॅलिफोर्नियात किडा २००८ साली पोहोचला, आणि तेथील पहिले रोगी झाड २०१२ साली सापडले ते मोठ्या बागेत नव्हे, तर लॉस एंजलिसजवळच्या एका घराच्या परसात. हे वाचल्यावर त्या अधिकाऱ्याच्या मनात काय भीती असेल, ते आमच्या ध्यानात आले. माईंची लेक राहते तेही घर परसाचेच.

आणि तांदूळ? तेथे तर आरोपी आपल्याच मातीतला निघाला. धान्याच्या कोठारात राहणारा ‘खापरा’ नावाचा भुंगा मूळचा भारतीय उपखंडातला मानला जातो. त्याची केसाळ अळी भिंतीच्या फटीत वर्षानुवर्षे काही न खाता जगू शकते. १९५३ साली तो कॅलिफोर्नियात सापडला, तेव्हा कोठारेच्या कोठारे ताडपत्रीखाली झाकून विषारी धुरी द्यावी लागली, आणि ही मोहीम १९६६ पर्यंत चालली. तेव्हापासून ज्या देशांत खापरा आहे, त्या देशांतून येणाऱ्या धान्याच्या पिशवीकडे तिकडे संशयाने पाहतात. उतारूने घरगुती सामानात आणलेल्या तांदळास तर मनाईच आहे. आपल्याकडे धान्याला कीड लागली की ते उन्हात घालावे, पाखडावे, बोरिक पावडर वा कडुलिंबाचा पाला घालावा, इतके आपण तिच्याशी घरोब्याने वागतो. दुसऱ्याच्या घरी तीच कीड दरोडेखोर ठरते.

‘क्वारंटीन’ हा शब्द महाराष्ट्रातील जुन्या घरांस नवा नाही. १८९६-९७ च्या प्लेगात रेल्वे स्टेशनांवर उतारूंना उतरवून घेत, तपाशीत, छावणीत ठेवीत. त्या दिवसांच्या आठवणी आमच्या आजीच्या तोंडून आम्ही ऐकल्या आहेत. पुढे २०२० साली करोनाच्या काळात तोच शब्द पुन्हा घरोघर आला. मूळ शब्द इटालियन, अर्थ चाळीस दिवस: परदेशी गलबताने बंदराबाहेर इतके दिवस नांगर टाकून राहावयाचे, आत रोग असेल तर तो तेवढ्यात प्रकट होईल, अशी कल्पना. झाडापेरांसही असाच नियम लागतो हे मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांस ठाऊक असते. युरोपला ही अक्कल द्राक्षांनी शिकविली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या वेलींबरोबर ‘फिलॉक्सेरा’ नावाची मुळांवरची ऊ फ्रान्समध्ये शिरली, द्राक्षमळे बसले, आणि १८८१ साली बर्न येथे त्या एका उवेसाठी राष्ट्राराष्ट्रांत करार झाला. आज सर्व जगात चालणारा वनस्पती-संरक्षणाचा करार १९५१ सालचा आहे.

आता वाचकांपैकी कोणी असे विचारील की, बाहेरून आलेले सर्वच वाईट काय? मुळीच नाही, आणि याचा पुरावा आपल्या एकादशीच्या पानातच आहे. साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदाचा, तो दक्षिण अमेरिकेचा, शेंगदाणा तिकडचा, बटाटा तिकडचा, हिरवी मिरची तिकडची. रताळे तिकडचे, पेरू व पपईही तिकडची. उपवासाच्या दिवशी आपण ज्यास पवित्र मानून खातो, त्यांतील बहुतेक पदार्थ पोर्तुगीज वगैरेंच्या गलबतांतून आलेले आहेत. आणि तांदूळ, जो खरा येथला, तोच मात्र उपवासाला चालत नाही! तेव्हा पाहुण्यास दार बंद करावे असे कोणी शहाणा म्हणणार नाही. अडचण इतकीच की, पाहुणा आणि चोर एकाच गाडीने येतात, आणि पुष्कळदा पाहुण्याच्याच गाठोड्यात चोर असतो.

गाजरगवताची गोष्ट घ्या. नगरहून कोणत्याही दिशेला निघा, दौंड रस्त्याने जा की पाथर्डीकडे जा, रस्त्याच्या दोन्ही कडांना ते पांढऱ्या बारीक फुलांचे झुडूप आहेच. त्यास कोणी चटकचांदणी म्हणतात, कोणी काँग्रेस गवत. १९५५ साली पुण्यास ते प्रथम नजरेस आले. अमेरिकेतून मदत म्हणून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले, असा सार्वत्रिक समज आहे, आणि तो गहू ‘पी. एल. ४८०’ या कायद्याखालचा, असे जो तो सांगतो. यात एक गंमत आहे. त्या कायद्याखाली भारताचा पहिला करार झाला १९५६ च्या ऑगस्टात, म्हणजे पुण्यास गवत दिसल्यानंतर! अमेरिकन गहू त्यापूर्वीही, १९५१ च्या टंचाईत, आला होता. तेव्हा गव्हावरचा संशय सुटत नाही, पण लोकांनी धरलेली तारीख चुकते. असो. एकेका झुडपाला पंधरा-वीस हजार बिया येतात, वाऱ्याने व वाहत्या पाण्याने जातात. अंगाला लागले तर कित्येकांना खाज सुटून कातडी काळी पडते, परागांनी दमा बळावतो, गाईने खाल्ले तर दुधाला कडवट चव येते. त्या पहिल्या बीला बंदरावर कोणी चाळणीत अडविले असते तर किती खर्च आला असता, आणि गेली सत्तर वर्षे ते उपटण्यात किती लोकांच्या कमरा मोडल्या, याचा हिशेब कोणीच मांडलेला नाही.

आणि हे लक्षात घ्यावे की, दाराशी पहारा तेव्हाही होता. मेक्सिकोकडचा बोंडांतला सोंड्या आपल्या कपाशीवर येऊ नये म्हणून अमेरिकन कापसाच्या गाठींना विषारी धुरी देण्याची सक्ती १९०६ साली झाली. तो किडा आजतागायत या देशात नाही, हे त्या धुरीचे यश होय. नाशक कीटक व कीड यांविषयीचा कायदा १९१४ सालचा. वनस्पती संरक्षण, क्वारंटीन व साठवण यांचे मध्यवर्ती खाते १९४६ साली निघाले. सध्या जो हुकूम चालतो तो २००३ चा: बियाणे, कलम, कंद, रोप, काहीही बाहेरून आणावयाचे तर आधी आयातीचा परवाना, आणि ज्या देशातून निघाले त्या देशाच्या अधिकाऱ्याचे वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र. माल मुंबईस उतरला की नमुने काढतात. चाळणीने चाळतात, भिंगाखाली धरतात. दाण्याच्या पोटात दडलेली अळी क्ष-किरणांनी शोधतात. बुरशी उगवते काय ते पाहण्यासाठी बी ओल्या टीपकागदावर ठेवतात. काही जातींची कलमे तर आल्यावर जाळीच्या बंदिस्त घरात महिनोन्‌महिने वाढवून मगच मोकळी करतात. काम मोठे चिकाटीचे, आणि त्यातले यश कधी दिसत नाही. जो रोग आला नाही त्याची बातमी कोण छापणार?

अपयश मात्र ताबडतोब दिसते. २०१४ च्या ऑक्टोबरात पुण्याकडे टोमॅटोच्या शेतात एक अनोळखी अळी सापडली. ‘टुटा’ तिचे नाव. मूळ दक्षिण अमेरिका. २००६ साली ती स्पेनात उतरली, मग भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांतून टोमॅटोच्या क्रेटांबरोबर व रोपांबरोबर सरकत आशियात आली. नगर जिल्ह्याला समुद्र नाही, विमानाने परदेशी माल येथे उतरत नाही, आणि तरीही पुणे व नाशिक यांच्या मध्ये असलेल्या या जिल्ह्यात ती लवकरच पोहोचली. संगमनेर व अकोले या तालुक्यांत टोमॅटो हे घर चालविणारे पीक आहे. एका एकरास बांबू, तार, सुतळी, रोपे, खते असा खर्च आधीच होऊन बसलेला असतो. ही अळी पानाच्या दोन पदरांच्या मध्ये शिरून हिरवा गर खाते, पान जळाल्यासारखे दिसते. मग देठाजवळून टाचणीएवढे छिद्र पाडून फळात शिरते. एक मादी दोन-अडीचशे अंडी घालते, आणि वर्षात दहा-बारा पिढ्या होतात. फवारा पानावर पडतो, अळी पानाच्या आत! शेतकऱ्यांनी मग कामगंध सापळे लावले: मादीच्या गंधाने नराला फसवून पाण्यात बुडवावयाचे. उपाय चांगला, परंतु खर्च नवा, आणि तो दरसालचा. ज्याने ही अळी देशात आणली त्याच्या खिशाला या खर्चाची झळ कधीच लागत नाही.

पुढे २०१८ साली कर्नाटकात मक्यावर अमेरिकन लष्करी अळी दिसली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रात आली. तिच्याविषयी फार लिहीत नाही. तिचा पतंग एका रात्रीत कित्येक कोस उडतो. अशा प्राण्यास कोणते बंदर अडविणार? २०१६ साली आफ्रिकेच्या भूमीवर ती पहिल्यांदा दिसली तेव्हाच खरा दरवाजा उघडा राहिला होता. राहाता-कोपरगावकडे दुभत्या जनावरांसाठी मक्याचा मुरघास भरतात, त्या घरांना विचारावे म्हणजे या अळीची किंमत कळेल.

परंतु प्रत्येक आपत्तीचा दोष परक्यावर ढकलण्याची जी सवय लागते, तीही घातक आहे. २०२० च्या मे महिन्यात, करोनाची भीती शिगेला असताना, अकोले-संगमनेर भागात टोमॅटोवर एक विचित्र प्रकार दिसू लागला. फळ एकसारखे पिकेना. तांबडे, पिवळे, हिरवे असे पट्टे उमटत. लोकांनी त्यास ‘तिरंगा’ म्हटले. कोणी बियाण्यास दोष दिला, कोणी परदेशास. आणि टोमॅटो खाल्ल्याने माणसास रोग होतो, अशी अफवा उठली. वनस्पतीचा विषाणू माणसास बाधत नाही, हे सांगणाऱ्यांचा आवाज त्या कोलाहलात बुडाला व चांगल्या टोमॅटोचाही भाव पडला. नमुने बंगळूरच्या उद्यानविद्या संशोधन संस्थेत गेले, तेव्हा मुख्यतः काकडीवर्गातला जुना विषाणू आढळला, जो मावा किडीमार्फत पसरतो व या देशात कित्येक दशके आहे. म्हणजे परका कोणीच नव्हता. दारावरच्या पहाऱ्याला जितकी कडक नजर लागते, तितकीच खरी ओळख पटविण्याची विद्याही लागते; नाही तर घरच्याच माणसाला चोर म्हणून मारण्याची पाळी येते.

ज्या दाराने आपण दुसऱ्याकडे जातो, तेथेही आपली परीक्षा होतेच. २०१३ साली युरोपात गेलेल्या भारतीय फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी व इतर किडी आढळल्या, आणि १ मे २०१४ पासून तेथे आपला आंबा बंद झाला. वर्तमानपत्रांतून हापूसचा शोक फार झाला. पण त्या यादीत आंब्याबरोबर कारले, पडवळ, वांगे आणि अळू ही चौघे होती, त्यांच्यासाठी कोणी अश्रू ढाळल्याचे स्मरत नाही! वेंगुर्ल्यापासून रत्नागिरीपर्यंतच्या बागाईतदारांस त्या उन्हाळ्यात माल देशातच विकावा लागला. मग गरम पाण्याच्या व गरम वाफेच्या प्रक्रियेची, तपासणीच्या कोठ्यांची व्यवस्था सुधारली, आणि २०१५ च्या आरंभी आंब्यावरची बंदी उठली. भाज्यांना आणखी वाट पाहावी लागली. अमेरिकेने तर कोयीतल्या भुंग्याच्या भयाने १९८९ पासून आपला आंबा घेतलाच नव्हता. २००७ साली तो पुन्हा गेला, तो आमच्या कोपरगावच्या शेजारच्या लासलगावी किरणांचा मारा खाऊन. कांद्यासाठी उभारलेल्या त्या केंद्रात हापूसचे सोवळे व्हावे, यात एक प्रकारचा विनोद आहे. नगर जिल्ह्यातील डाळिंबवाले मात्र यातून बरेच शिकले. परदेशी जाणाऱ्या डाळिंबाच्या बागेची आता नोंद होते, कोणत्या पेटीतले फळ कोणत्या बागेचे हे सांगता येते, आणि एका बागेच्या निष्काळजीपणाने सबंध गावाचा माल अडण्याची वेळ टळते.

येथवर आम्ही दुसऱ्यांचेच दोष दाखविले. आता स्वतःचा सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही सिंगापुरास गेलो होतो. ज्यांच्याकडे उतरलो होतो, त्या गृहिणीच्या गॅलरीत एक दुहेरी पाकळ्यांची, शेंदरी रंगाची जास्वंद होती. गणपतीस वाहावयास असे फूल आपल्या अंगणात असावे, असा मोह आम्हांस झाला. त्यांनी प्रेमाने दोन काड्या तोडून दिल्या. आम्ही त्या वर्तमानपत्रात गुंडाळून हातातल्या पिशवीत, पोथीच्या पानांत मोरपीस ठेवावे तशा हळुवारपणे ठेवल्या. मुंबईस उतरलो; कोणी काही विचारले नाही, आणि आम्हीही आपण होऊन सांगितले नाही. उलट, बिनबोभाट निभावले याचे आम्हांस कौतुकच वाटले. त्यांतली एक काडी लागली. पुढील गणेशचतुर्थीस फूलही आले.

त्यानंतर कधीतरी त्या जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागले. आम्ही साबणाच्या पाण्याने धुतले, फांद्या छाटल्या. ते पुंजके कुंपणापलीकडे शेजाऱ्यांच्या पपईवर गेले. फळांवर चिकट काळे आवरण आले, आणि एका पावसाळ्यात त्यांनी तीन झाडे तोडून टाकली. त्या शेजाऱ्यांनी आम्हांस एक शब्दही विचारला नाही, कारण आमच्या पिशवीची गोष्ट त्यांस ठाऊक नव्हती. पुढे वाचनात आले की, पपईवरचा पिठ्या ढेकूण नावाची मेक्सिकोकडची एक कीड २००८ साली कोइमतूरकडे प्रथम सापडली व नंतर महाराष्ट्रात पसरली, आणि जास्वंद हे तिचे आवडते झाड आहे. आमच्या काडीनेच ती आली असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. पण तिने आणली नाही, हे आम्हीही सिद्ध करू शकत नाही, आणि कागदात गुंडाळलेल्या त्या काड्यांचे चित्र पपईच्या बुंध्याकडे पाहिले की डोळ्यांपुढे येते.

या किडीचा बंदोबस्त अखेर कोणी केला, तर तोही एका परदेशी पाहुण्यानेच. २०१० साली प्वेर्तो रिको बेटातून एक अतिसूक्ष्म गांधीलमाशी बंगळूरच्या प्रयोगशाळेत आणली गेली. ती पिठ्या ढेकणाच्याच अंगात अंडी घालते व त्यास आतून खाऊन टाकते. तिला प्रथम बंदिस्त जागेत ठेवून, ती दुसऱ्या कोणास अपाय करीत नाही हे पाहून, मगच बाहेर सोडले, आणि दोन वर्षांत दक्षिणेतील पपई सावरली. गाजरगवत खाणारा मेक्सिकोचा भुंगा १९८३ साली असाच रीतसर आणला होता. पूर्वी फड्या निवडुंगावर १९२६ मध्ये सिंहलद्वीपातून आणलेला किरमिजी किडा सोडला, तेव्हाच दख्खनची रानेच्या राने त्या काट्यांतून मोकळी झाली. यांपैकी एकही पाहुणा कोणाच्या हातपिशवीतून आला नव्हता.

आम्हांस वाटते की, या बाबतीत शेतकऱ्यापेक्षा आपणांसारख्या सुशिक्षित कुटुंबांचीच जबाबदारी अधिक आहे. अकोल्याचा टोमॅटोवाला विमानाने हिंडत नाही. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना देशी बियाणे जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली, त्यांनी जमविलेले वाल, भात व घेवड्याचे वाण त्याच डोंगरातल्या शेतांतून आलेले आहेत. मुले परदेशी आपली, जाणे-येणे आपले, ‘हे नाजूक रोप तेवढे घेऊन जा’ म्हणणारे स्नेही आपले. आणि पिकाची रात्र-रात्र राखण करून शेवटी टोमॅटो रस्त्यावर ओतणारा भलताच कोणी.

माईंना आम्ही हे सर्व एका संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून सांगितले, आपल्या जास्वंदीसकट. फ्लोरिडाच्या आकड्यांचे त्यांना फारसे काही वाटले नाही. पण श्रीगोंद्यास त्यांच्या माहेरची लिंबाची बाग आहे, आणि तेथील काही झाडे पिवळी पडून वाळत चालली आहेत, हे त्यांना ठाऊक होते. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे मी दादाच्या बागेतला रोग तिकडे नेत होते म्हणा की!” आम्ही म्हटले, तसेच काही नाही, कदाचित त्या रोपांवर काहीच नसेल. “कदाचित,” त्या म्हणाल्या, आणि उठून तुळशीला दिवा लावावयास गेल्या.

यंदा त्या पुन्हा गेल्या. पेटीत मसाला, मेतकूट, भाजणी होती, तांदूळ नव्हता. विमानतळावर पुन्हा तोच प्रश्न आला, तेव्हा त्यांनी ‘होय, खाण्याचे पदार्थ आहेत,’ असे लेकीने शिकविलेल्या इंग्रजीत सांगितले व पेटी स्वतःच उघडली. अधिकाऱ्याने मेतकुटाचा डबा उघडून हुंगला, शिंकला, आणि हसून झाकण लावले. तिकडे लेकीने एका नोंदणीकृत रोपवाटिकेतून तपासून शिक्का मारलेले कढीलिंबाचे रोप आणून ठेवले होते. माईंचे पत्र परवाच आले. त्या रोपाला वास आहे, पण थोडा कमी, असे त्या लिहितात. आणि आमच्या अंगणातल्या झाडाला पाणी घालीत जा, उन्हाळा कडक आहे, म्हणून बजावतात.